थर्ड शिफ्टमधून फर्स्ट इयरला : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

सर्वप्रथम, अभिनंदन. चाकणच्या तळेगाव चौकात कंपनीची बस अडकलेली असताना तुम्हाला एकदम आर्किटेक्ट व्हावंसं वाटलं, यात लाजण्यासारखं काही नाही. अप्रेझलनंतरच्या पंधरवड्यात या पट्ट्यात पुष्कळांना पुष्कळ काही व्हावंसं वाटतं. कुणी मिसळीचं हॉटेल काढतो, कुणी मावळात शेळ्या पाळतो, कुणी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणून टीव्हीखाली रचून ठेवतो. तुम्ही यातलं काही न करता पाच वर्षांची पूर्णवेळ पदवी निवडलीत. शेळ्या स्वस्त पडल्या असत्या. पण ठरलंच आहे, तर पद्धतशीर करू.

भोसरीपासून महाळुंग्यापर्यंत ज्यांच्या गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र आहे त्यांनी पुढच्या पायऱ्या क्रमाने वाचाव्यात. राजीनामा देऊन बसलेल्यांनी थेट पाचव्या पायरीवर जावं. घरचे तिथेच वाट बघताहेत.

१. बारावीची मार्कशीट शोधा

अनुभवाचा दाखला नव्हे, मार्कशीट. सतरा-अठरा वर्षं टूलरूममध्ये काढलीत, सीएनसीपासून सीएमएमपर्यंत सगळं हाताखालून गेलं, एका जर्मन ऑडिटरला त्याचीच चूक दाखवून दिलीत. छान केलंत. यातल्या कशालाही इथे गुण नाहीत. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरला तुमचं अठराव्या वर्षीचं फिजिक्स आणि मॅथ्स बघायचं आहे. बारावी नसेल तर दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा चालतो, फक्त त्यात गणित हवं. आयटीआय करून आला असाल, तर तुमच्या डायमधून निघालेले पार्ट अर्ध्या देशाच्या मोटारसायकलींत बसलेले असोत, आधी बारावी करा.

डिप्लोमावाल्यांचा चेहरा इथे जरा उजळतो. इंजिनिअरिंगला डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तसं इथेही असेलच की! नाही. आर्किटेक्चरला मधलं दार नाही. डिप्लोमा? पहिलं वर्ष. बी. ई.? पहिलं वर्ष. एम. टेक., वर दोन पेटंटं? तुमचं कौतुक वाटतं, पहिलं वर्ष. थेट एम. आर्क. करावं म्हणाल, तर त्याला आधी बी. आर्क. लागतं. पत्राद्वारे किंवा नुसतं शनिवार-रविवार येऊन केलेलं शिक्षण कौन्सिल मानत नाही. दहा सेमिस्टर, दिवसाढवळ्या, हजेरीसकट.

वयाला मात्र वरची मर्यादा नाही. तुमच्यासाठी ठेवलेली सवलत ती एवढीच, तेव्हा तिचा मनसोक्त आनंद घ्या.

२. गॅप सर्टिफिकेट करून घ्या

बारावी आणि आज यांच्यामध्ये गेलेल्या काळाला प्रवेशाच्या कागदांत ‘गॅप’ म्हणतात. तो कसा गेला, हे नोटरीसमोर लिहून द्यायचं असतं.

तुमच्या गॅपमध्ये २००७ साल येतं. आकुर्डीचं बजाजचं उत्पादन थांबलं तेव्हा तुम्ही ट्रेनी होतात आणि अख्खी कामगार वस्ती चाकणकडे तोंड करून बसली होती. मग चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा असे एकेक कारखाने उभे राहिले. त्यांची शेडं शेतात उभी राहताना तुम्ही रोज बसच्या खिडकीतून पाहिलीत: आधी पत्र्याचं कुंपण, मग गर्डर, मग निळं छत. पुढे त्यातल्याच एका शेडच्या आत तुम्ही दहा वर्षं काढलीत. मटेरियल कुठून यावं, माणसानं किती पावलं चालावं, उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता कुठल्या खांबाखाली उभं राहिलं तर जीव वाचतो, हे तुम्हाला झोपेतही सांगता येईल. इमारत वापरून शिकलेला माणूस म्हणजे तुम्ही.

हे सगळं प्रतिज्ञापत्रात लिहू नका, त्याला जागा नाही. ‘कौटुंबिक अडचणींमुळे’ असं लिहा. टायपिस्टकडे तो मजकूर तयारच असतो.

३. झाड काढायला शिका

प्रवेशासाठी नाटा ही परीक्षा असते. २००६ पासून ती आहे. नाटा नको असेल तर जेईई मेनचा दुसरा पेपर. बहुतेक जण दोन्हींची फी भरून मोकळे होतात.

चित्रकलेचा भाग तुम्हाला जड जाणार, कारण तुम्हाला ड्रॉइंग येतं. आजवर तुम्ही जग फर्स्ट अँगल प्रोजेक्शनमध्ये पाहिलंत: समोरून, वरून, बाजूनं. इथे, पाळण्यात बसलेल्या मुलाला खालची जत्रा कशी दिसेल, अशा धाटणीचं काहीतरी विचारतात. तुम्ही पाळण्याचा शाफ्ट काढाल, बेअरिंग काढाल, बोल्टांचं पिच सर्कल काढाल. मुलगा राहून जाईल. जत्राही.

म्हणून रोज एक झाड काढा. झाडाला डायमेन्शन देऊ नका. सेंटर लाइन तर अजिबात नको. क्लासमध्ये शेजारची मुलगी विचारेल, ‘काका, तुम्ही कुणाचे पालक?’ रागावू नका. तिच्याकडून खोडरबर मागून घ्या; पुढची पाच वर्षं हीच मुलं तुम्हाला सबमिशनच्या तारखा सांगणार आहेत.

४. कॉलेज निवडा

कॉलेज निवडताना अध्यापक, स्टुडिओ, लायब्ररी आणि माजी विद्यार्थ्यांचं काम पाहावं, असं जाणकार सांगतात. जाणकार चाकणला राहत नाहीत. आपण ट्रॅफिकपासून सुरुवात करू.

प्राधिकरणात राहत असाल तर नशीबवान आहात. निगडीला एस. बी. पाटील आहे, आकुर्डीला डी. वाय. पाटील आहे. फक्त पहिल्या दिवशी रिक्षावाल्याला नुसतं ‘पाटील कॉलेज’ सांगू नका, दिवस जाईल.

चाकणला राहत असाल तर तळेगावजवळचं आंबी नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसेल. तिथेही डी. वाय. पाटील आहेच. पण मध्ये तळेगाव-चाकण रस्ता आहे आणि रस्त्यावर कंटेनर आहेत. सकाळी नऊच्या लेक्चरला निघालेला माणूस तिथे थेट ज्युरीला पोचू शकतो.

मुंबईचं जे. जे. ही फार मोठी परंपरा. २०२३ मध्ये ते अभिमत विद्यापीठ झालं. चिंचवडहून सिंहगड एक्सप्रेस पकडा, सीएसएमटीला उतरा, चालत जा. हे रोज करता येईल असं तुम्हाला रविवारी दुपारी वाटेल. सोमवारी पुन्हा विचार करा.

कर्वेनगरचं भानुबेन नानावटी कॉलेज फक्त महिलांसाठी आहे. पुरुष असाल तर नाव खोडा. महिला असाल तर ते यादीत वर ठेवा आणि कर्वेनगरहून परतल्यावर स्वयंपाक कोण करणार याचं उत्तर तयार ठेवा. पुरुष उमेदवाराला हा प्रश्न पाच वर्षांत एकदाही येत नाही.

आता माहितीपुस्तिका. मुखपृष्ठावरची काचेची इमारत खरी असते. ती त्याच कॉलेजची असेल असं नाही. आतल्या पानावर एक मुलगा आणि दोन मुली हिरवळीवर बसून एका मॉडेलकडे बघून हसतात. मॉडेलकडे बघून हसणारा विद्यार्थी आर्किटेक्चरच्या इतिहासात झालेला नाही. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ या ओळीपुढे लहान अक्षरात काही आहे का, ते व्हर्निअर लावून पाहा.

गंमत म्हणजे हे काम तुम्हाला उत्तम येतं. नवा व्हेंडर घ्यायचा तर तुम्ही त्याच्या कारखान्यात जाता, कोपऱ्यातला रिजेक्शनचा डबा उघडता, ऑपरेटरला बाजूला घेऊन चहा पाजता. चार रुपयांच्या वॉशरसाठी एवढं करणारा माणूस पाच वर्षांच्या फीचा निर्णय मात्र एसीच्या खोलीत, ‘सर, दोनच सीट राहिल्यात’ असं ऐकून करतो. (प्रवेशाच्या शेवटच्या फेरीनंतर पुन्हा चौकशी करा. त्या दोन सीट तुमची वाट बघत तशाच असतील.)

व्हेंडर ऑडिट इथेही करा. कौन्सिलच्या संकेतस्थळावर मान्यता असलेल्या संस्था आणि त्यांची प्रवेशक्षमता दिलेली असते, ती पाहा. हा या लेखातला एकमेव सरळ सल्ला आहे, आणि तो पाळला जाणार नाही याची मला कल्पना आहे. दुसरं, कॉलेज बघायला प्रवेशाच्या मोसमात जाऊ नका. सबमिशनच्या आदल्या रात्री जा. स्टुडिओत दिवे आहेत का, मुलं एकमेकांची शीट संपवताहेत का, एखादे सर अजून तिथे उभे आहेत की सहाच्या ठोक्याला घरी गेले, ते बघा. वॉचमन हटकेल. थर्ड शिफ्टचं ओळखपत्र दाखवा. रात्री जागणाऱ्यांना एकमेकांची भाषा कळते.

५. घरी सांगा

ही पायरी लोक शेवटी ठेवतात. चूक आहे, फीचा पहिला हप्ता गेल्यावर सांगितलं तर आवाज जास्त होतो.

आई म्हणेल, ‘अरे, म्हणजे वास्तुशास्त्र का? मग आपला देव्हारा कुठल्या तोंडाचा हवा ते सांग.’ समजावू नका. पाच वर्षांनी पदवी मिळाल्यावरही ती हेच विचारणार आहे, आणि तुमचे ग्राहकसुद्धा. बायको काही बोलणार नाही. ती होम लोनच्या हप्त्याचा कागद तुमच्या ताटाशेजारी ठेवेल आणि म्हणेल, ‘अहो, जेवून घ्या.’

पैशाची बाजू नीट समजून घ्या. भविष्य निर्वाह निधीच्या नियमांत ६८-के नावाचं कलम वर्षानुवर्षं होतं. त्यात मुलाच्या किंवा मुलीच्या दहावीनंतरच्या शिक्षणासाठी पैसे काढता यायचे. मुलामुलीच्या, भावाबहिणीच्या, इतकंच काय, सभासदाच्या स्वतःच्या लग्नासाठीसुद्धा काढता यायचे. सभासद स्वतः शिकायला जाईल, हे मात्र ते कलम लिहिणाऱ्याच्या मनात आलं नाही. कामगार उतारवयात बोहल्यावर चढेल एवढी कल्पना त्यानं केली, यावर समाधान माना.

‘थर्ड शिफ्ट करून दिवसा कॉलेज’ ही योजना कागदावर बसते. सकाळी सातला सुटायचं, नऊला वर्गात. झोपेचा रकाना राहतो, तो पुढच्या रिव्हिजनमध्ये घेऊ.

६. साहित्य आणा

अप्पा बळवंत चौकात जा आणि सांगतील ते सगळं घ्या. सनबोर्ड, माउंटबोर्ड, बाल्साच्या पट्ट्या, ए-वन आकाराच्या शीट, कटरची पाती. बिल बघू नका.

खरा प्रश्न वाहतुकीचा. ए-वन शीट पाठीला बांधून नाशिक हायवेवर दुचाकी चालवली की शेजारून जाणारा प्रत्येक ट्रेलर तुम्हाला वाऱ्याचा भार हा विषय प्रात्यक्षिकासह शिकवतो. मॉडेल कंपनीच्या बसमधून नेणार असाल तर खिडकीशेजारची सीट धरा आणि ते मांडीवर ठेवा. सहकारी विचारतील, ‘कुणाच्या शाळेचा प्रोजेक्ट?’ मुलीचा, म्हणा.

बोट कापलं तर आरडाओरडा नको. इथे सेफ्टी ऑफिसर नाही, अपघाताचा फॉर्म नाही, आणि सगळ्यांची बोटं कापलेली आहेत.

७. ज्युरीपुढे उभे राहा

ज्युरी म्हणजे तुमच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान दोन माणसं. एकाच्या अंगात हातमागाचा कुर्ता असतो, दुसऱ्याच्या डोळ्यांवर गोल काचांचा चष्मा. तुमच्या चार रात्रींच्या कामाकडे ते चार सेकंद बघतात आणि विचारतात, ‘कॉन्सेप्ट काय आहे?’

‘सर, पार्किंग बसलंय’ हे उत्तर नाही. ‘सगळ्या खोल्यांत उजेड येतो’ हेही नाही. कारखान्यात सांगता यावं लागतं ते की वस्तू चालते. इथे सांगायचं असतं ते की तिला काय म्हणायचं आहे. जिन्याखाली जागा उरली असेल तर ती ‘स्पिल-आउट स्पेस’ आहे. भिंत चुकून तिरकी आली असेल तर ती ‘साइटला प्रतिसाद देते’. व्हरांडा म्हणू नका, ‘ट्रान्झिशन’ म्हणा. आणि कुठल्याही परिस्थितीत कैझन, पोका-योके, फाइव्ह एस हे शब्द तोंडातून काढू नका. जपानी चालतं, पण फक्त वास्तुकार तादाओ अँडो.

तुमचा सगळ्यात मोठा दोष टॉलरन्स. वीस मायक्रॉननं पार्ट नापास करणारा माणूस तुम्ही. साइटवर गवंडी म्हणेल, ‘साहेब, प्लास्टरमध्ये घेतो.’ ‘प्लास्टरमध्ये घेतो’ हे भारतीय बांधकामाचं एकमेव प्रमाणित टॉलरन्स आहे. पहिल्या साइट व्हिजिटला याचा धक्का बसतो. बाटलीभर पाणी बरोबर ठेवा.

इतिहासाच्या तासाला मात्र थोडे ताठ बसा. वॉल्टर ग्रोपियसचं नाव येईल. पडद्यावर दिसेल त्याचा १९११ सालचा फागुस कारखाना, जर्मनीतल्या आल्फेल्डचा. बुटाचे साचे बनवायचा. म्हणजे आधुनिक वास्तुकला म्हणतात ती जिथून निघाली त्या ठिकाणांत एका कारखान्याच्या शेडचा नंबर फार वरचा आहे. त्याच ग्रोपियसच्या हाताखाली हार्वर्डला आपल्या आचऱ्याचे वास्तुकार अच्युत कानविंदे शिकले. बांधकामाच्या वहीत तुम्हाला नॉर्थ लाइट ट्रस काढायला लावतील: करवतीच्या दात्यांचं छत, उत्तरेकडच्या काचेतून सावलीचा सारखा उजेड. भोसरीच्या एखाद्या जुन्या शेडमध्ये त्याखाली उभं राहून तुम्ही लेथ चालवलेली असेल, तर हात वर करून सांगा. सर म्हणतील, ‘व्हेरी इंटरेस्टिंग,’ आणि पुढची स्लाइड फत्तेपूर सिक्रीची असेल. वर्गाची सहलही तिकडेच जाईल. भोसरी इथेच आहे. इतक्या जवळ सहल कोण नेतो?

८. पाटीचा खर्च समजून घ्या

पाच वर्षांनंतर पदवी, मग कौन्सिलकडे नोंदणी, मग पाटी. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टचं कलम ३७ सांगतं, नोंदणी नसलेल्यानं स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू नये. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम आणखी स्पष्ट केलं: बंदी आहे ती आर्किटेक्ट म्हणवून घेण्याला. ती उपाधी न लावता कुणी तेच काम केलं, तर हे कलम त्याला अडवत नाही.

हिशेब तुम्ही करा. तुमच्या गल्लीतला डिप्लोमा झालेला मुलगा आत्ता, या क्षणी, लॅपटॉपवर टू बीएचके काढतो आहे. त्याला पाटी लावता येत नाही, पण त्याला वेळही नाही. तुम्ही पाच वर्षं, दहा सेमिस्टर आणि काही लाख रुपये देऊन पाटी घेताय. पाटीखालचा पगार विचारू नका. तुमच्या लाइनवरच्या परमनंट ऑपरेटरला ओव्हरटाइमसकट किती पडतात, तेही त्या दिवशी विचारू नका.

धीर हवा असेल तर बाळकृष्ण दोशी आठवा. जन्म पुण्यातला, १९२७ चा. जे. जे.चं शिक्षण अर्ध्यावर सोडून ते लंडनला गेले, तिथून पॅरिसला ले कॉर्ब्युझिएच्या ऑफिसात. २०१८ मध्ये त्यांना वास्तुकलेचं प्रित्झ्कर पारितोषिक मिळालं, भारतात पहिलं. जपानचे तादाओ अँडो मुष्टियुद्ध खेळायचे. शिकले ते स्वतःच, १९९५ चं प्रित्झ्कर त्यांचं. आता तुमच्या लक्षात येईल की दोघांचीही उदाहरणं पदवी न घेण्याची आहेत. मी धीर द्यायचं कबूल केलं होतं, दिशा नव्हे.

९. पहिलं काम घ्या

पहिलं काम नात्यातूनच येतं. मेहुण्यानं चऱ्होलीला, चिखलीला नाहीतर कुरुळीला एक गुंठा घेतलेला असतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि त्यात त्याला खाली दोन गाळे, वर भाड्याच्या चार खोल्या, त्यावर स्वतःचं घर आणि त्यावर मोबाइलचा टॉवर हवा असतो. ‘दाजी, तुम्ही आता शिकलेले. प्लॅन काढून द्या,’ असं तो म्हणतो.

तुम्ही उत्साहाने राज्याची २०२० ची एकत्रित नियमावली उघडता. समोर एवढं सोडायचं, बाजूला एवढं, मागे एवढं. सगळं सोडून झाल्यावर मधे जिना उरतो. मेहुणा शांतपणे ऐकून घेतो. त्याचं शिक्षण वेगळ्या शाळेत झालंय. पिंपरी-चिंचवडमध्ये विनापरवाना घरांना वर्षानुवर्षं मिळकतकराच्या दुप्पट शास्तीकर लागला, मोर्चे निघाले, निवडणुका त्यावर लढल्या गेल्या, आणि २०२३ च्या मार्चमध्ये तो माफ झाला. नियम पाळणाऱ्यानं काय कमावलं, हे तो तुम्हाला विचारेल. तुम्ही त्याला चिखलीची आठवण द्या: इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले मे २०२५ मध्ये महापालिकेनं पाडले. तो म्हणेल, ‘आपला प्लॉट नदीपासून लांबंय.’ किती लांब, ते तो हातानं दाखवेल.

मग जागेवर जा. सनबोर्डचं मॉडेल बरोबर घेऊ नका. तिथे पोचल्यावर कळेल की पहिला स्लॅब मागच्या शनिवारीच पडला. मुहूर्त चांगला होता, ठेकेदार मोकळा होता. कॉलम कुठे आहेत ते बघा आणि त्याबद्दल एक अक्षर बोलू नका. फक्त जिना कुठे घ्यायचा एवढंच राहिलंय, आणि तेवढ्यासाठीच तुम्हाला बोलावलंय. वहीच्या मागच्या पानावर काढून द्या. फीचा विषय तुम्ही काढण्याआधीच ताट वाढलं जाईल. ‘दाजी, घरच्या माणसाकडनं कसली फी?’ मटण चांगलं असतं. वाढतील तेवढं खा, आणि निघताना गवंड्याला एवढं जरूर सांगा, की जिन्याला कठडा लाव बाबा, प्लास्टरमध्ये घेऊ नको.